मैत्रिणीचं चित्र काढताना

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यक्रमपत्रिकेवर 'विनोदी चित्रकथा आणि आपण' असा विषय वाचून सकाळी नाश्त्याच्या वेळी दोघीतिघींनी मला गाठलं. हिंसाचार, पोटगी, रेशन हे सगळे विषय संपले का, असं एकीने विचारलंच. तिचा प्रश्न रास्त आहे. ते विषय संपलेले नाहीत. पण त्या विषयांवर दिवसभर काम करणाऱ्या बायका संध्याकाळी एकत्र बसल्या की छप्पर उडेल अशा हसतात. त्या हसण्याचं काय करायचं, हाही एक विषय आहे. गेली सहा वर्षं मी तो चित्रांतून हाताळते आहे, म्हणून मला इथे उभं केलं आहे. मी चित्रकार नाही. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून समुपदेशनाचं काम करते. माझ्या चित्रातल्या बायकांचे हात अजूनही लाटण्यासारखे येतात, आणि बोटं मोजायला गेलात तर कधी चार, कधी सहा भरतील.

आम्ही चौघी एका वर्गात होतो. शिक्षण संपल्यावर चार जिल्ह्यांत चार ठिकाणी कामाला लागलो. फोनवर आमचा एक गट आहे, त्यात रात्री दिवसभराचे किस्से पडतात. एका रात्री किस्सा लिहून काढायचा कंटाळा आला, म्हणून मी मीटिंगच्या वहीत चार चौकटी आखल्या, त्यात आम्हा चौघींना बसवलं, फोनने फोटो काढला आणि पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी तिघींनी आपापलं गाऱ्हाणं मांडलं. माझं नाक असं आहे का, मी एवढी जाड आहे का, आणि पुढचं कधी? मग दर आठवड्याला एक असं सुरू झालं. वर्षभर ते आमच्यातच राहिलं, पुढे ओळखीच्या कार्यकर्त्यांमध्ये गेलं, आणि नंतर चौघींच्या संमतीने इंटरनेटवर कोणालाही बघता येईल असं ठेवलं. मालिकेचं नाव 'चहा झाला का?'. कुठल्याही वस्तीत, कुठल्याही कचेरीत आपल्याला पहिल्यांदा विचारतात ते हेच.

पात्रं चार. एकीचं नाव 'पाचदहा', कारण ती नेहमी पाच-दहा मिनिटांत पोचत असते. पहिल्या चौकटीत ती ओल्या केसांनी फोनवर सांगते, "पाच-दहा मिनिटांत आलेच." दुसऱ्या चौकटीत एस.टी. स्टँडवर, तेच वाक्य. तिसऱ्या चौकटीत रस्त्यात भेटलेल्या मावशींशी बोलताना, तेच वाक्य. चौथ्या चौकटीत सतरंजी गुंडाळली जाते आहे, आणि ही दारातून विचारते, "सुरू नाही ना झाली?" दुसरी 'थैली'. तिच्या कापडी पिशवीत केसपेपर, सॅनिटरी पॅड, स्क्रू-ड्रायव्हर, शेंगदाण्याचा लाडू, संविधानाची प्रत, सगळं असतं, नसते ती फक्त घराची किल्ली. तिसरी 'एकमिनिट'. तिच्याबद्दल पुढे बोलायचं आहे. चौथी मी, 'रिपोर्ट'. माझ्यावरची सगळ्यात जास्त वाचली गेलेली चित्रकथा तुम्हाला सांगते. अनुदान देणाऱ्यांसाठी मी अहवाल लिहिते आहे : 'मेळाव्यास उपस्थित महिला, पंचावन्न.' बाजूला चहावाला उभा आहे, बिल घेऊन. "ताई, चहा अठराच गेलेत." शेवटच्या चौकटीत मी लिहिते, 'सदतीस महिला चहा घेत नाहीत.' तुम्ही हसलात त्या अर्थी इथे माझ्यासारख्या आणखी आहेत.

हा आमचा पहिला नियम. जी चित्र काढते, तिने सर्वांत आधी स्वतःची फजिती काढायची. हातात पेन असणं हीसुद्धा सत्ता आहे. कोणाला सुंदर काढायचं, कोणाला बावळट, शेवटचं वाक्य कोणाला द्यायचं, हे सगळं पेन धरणारी ठरवते. तेव्हा तिने आधी स्वतःचं माप काढलेलं बरं.

आता थोडं मागे जाते. बाई आणि विनोद म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येतं? दाराआड लाटणं घेऊन उभी असलेली जाड बायको आणि बूट हातात घेऊन चोरपावलांनी येणारा बारीक नवरा. पिढ्यान्‌पिढ्या दिवाळी अंकांनी हे चित्र छापलं. आता अंकांच्या जागी फोन आला, तरी सकाळी 'शुभ प्रभात'च्या पाठोपाठ बायकोवरचा विनोद येतोच, आणि पाठवणारा म्हणतो, अहो, गंमत आहे. लाटण्यावरून आठवलं. १९७२ साली मुंबईत महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्याबरोबर हजारो बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेच लाटणं, पण धरणारीने अर्थ बदलला. त्या मोर्च्यांत बायका हसत नव्हत्या असं मला कोणी सांगितलं तर मी विश्वास ठेवणार नाही. पुढे १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचं 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणलं, तेही गाण्यांनी आणि हसवत हसवत. चळवळीतल्या बायकांना विनोद कळत नाही हा आरोप जुना आहे. तो करणाऱ्यांनी आपलं नाटक पाहिलेलं नसतं, एवढंच.

त्याच्याही मागे जायचं तर भोंडल्याची गाणी आहेत, मंगळागौरीचे खेळ आहेत, उखाणे आहेत. सासू, नणंद, दीर, नवरा यांची यथेच्छ टिंगल त्यांत होते. पण एक गोष्ट पाहा. भोंडल्यात सासू नुसती सासू असते, तिला नाव नसतं. गाणारी प्रत्येक जण आपापली सासू मनात ठेवून गाते, आणि अंगणाच्या कडेला बसलेल्या सासूला काही म्हणता येत नाही. ही फार शहाणी सोय होती. आपण जेव्हा खऱ्याखुऱ्या मैत्रिणीवर चित्रकथा करतो, तिचा चष्मा, तिची पिशवी, तिची लकब घेतो, तेव्हा ही सोय आपण सोडून देतो. त्या चित्रकथेतली बाई ओळखू येते. तिथूनच अवघड प्रश्न सुरू होतात.

हे प्रश्न आपल्याच पुढे आले असं नाही. मी जरा शोध घेतला. 'पीनट्स' ही अमेरिकन चित्रमालिका तुमच्यापैकी अनेकींनी पाहिली असेल. चार्ली ब्राऊन नावाचा हिरमुसलेला मुलगा आणि त्याचा कुत्रा स्नूपी. चार्ल्स शुल्झ यांनी ती १९५० पासून २००० पर्यंत काढली. चार्ली ब्राऊन हे त्यांच्या एका सहकाऱ्याचं नाव, लायनस हेही एका मित्राचं. आणि तांबड्या केसांची एक लहान मुलगी आहे, जिच्याशी बोलायचं धाडस चार्लीला कधीच होत नाही. तिच्यामागे एक खरी बाई होती. १९५० मध्ये तिने शुल्झ यांना लग्नाला नकार दिला होता. मालिकेत तिला नाव नाही, तिचा चेहरा दिसत नाही, बोलण्याचा तर प्रश्नच नाही. ती फक्त कोणाच्या तरी उसाशाचं कारण आहे. शुल्झ यांचं काम मला फार आवडतं, तरी हे वाचताना मनात येतं की एका बाईने सरळ 'नाही' म्हटलं आणि ते 'नाही' पुढे अनेक वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्याचं दुःख म्हणून छापलं गेलं. तिच्या बाजूची चौकट कोणी काढली नाही.

याउलट कॅनडाच्या लिन जॉन्स्टन. त्यांची 'फॉर बेटर ऑर फॉर वर्स' ही मालिका १९७९ मध्ये सुरू झाली आणि तिची मूळ कथा २००८ पर्यंत चालली. आई, वडील, मुलं, शेजारी. सगळं त्यांच्या स्वतःच्या घरावरून घेतलेलं. मालिकेतल्या मुलांना त्यांनी आपल्या मुलांची मधली नावं दिली आणि वयं काही वर्षं मागे ठेवली, म्हणजे खऱ्या मुलांना आपलं आजचं आयुष्य उद्याच्या पेपरात वाचायला लागू नये. केवढी साधी युक्ती! १९९३ साली त्यांनी मालिकेतल्या एका तरुण मुलाला घरी सांगायला लावलं की तो समलिंगी आहे. त्यामागे त्यांचा एक जिवलग मित्र होता, ज्याचा खून झाला होता. अनेक वर्तमानपत्रांनी ते भाग छापले नाहीत, काहींनी मालिकाच बंद केली, आणि ढिगांनी पत्रं आली, शिव्यांची आणि आभाराचीही. रोजच्या भांड्याकुंड्यांच्या विनोदात एक मित्र ओळखू येईल असा ठेवला, म्हणून हे घडलं. लेख लिहिला असता तर एवढ्या घरांच्या न्याहारीच्या टेबलावर तो पोचला नसता.

आपल्याला सगळ्यात जवळची म्हणजे ॲलिसन बेकडेल. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ही तरुण मुलगी एका मैत्रिणीला पत्र लिहिताना कडेच्या कोऱ्या जागेत एका बाईचं वेडंवाकडं चित्र काढते. अशी आणखी चित्रं काढते. मैत्रीण म्हणते, छापायला दे. १९८३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या 'वुमन्यूज' या बायकांनी सामूहिकपणे चालवलेल्या नियतकालिकात छापून येतात. आपलं हे त्रैमासिक चालतं ना, तसंच ते होतं. मालिकेचं नाव 'डाइक्स टू वॉच आउट फॉर'. 'डाइक' ही समलिंगी स्त्रियांना दिली जाणारी शिवी होती, ती त्या स्त्रियांनीच उचलून आपल्या अंगाखांद्यावर मिरवली. मालिका २००८ पर्यंत चालली. तिच्यातल्या बायका पुस्तकाच्या दुकानात काम करतात, मोर्च्याला जातात, एकमेकींच्या प्रेमात पडतात, भाडं थकवतात आणि राजकारणावरून जेवताना भांडतात. मुख्य पात्र 'मो' ही खुद्द लेखिकेसारखी दिसते आणि सगळ्यांत जास्त कुरकुर करते. म्हणजे आमचा पहिला नियम तिलाही माहीत असावा.

तिच्या १९८५ च्या एका चित्रकथेत दोघी सिनेमाला निघाल्या आहेत. एक म्हणते, मी सिनेमा पाहते तो तीन अटींवर. त्यात किमान दोन बायका हव्यात, त्या एकमेकींशी बोलायला हव्यात, आणि ते बोलणं पुरुषाखेरीज दुसऱ्या कशाबद्दल तरी हवं. आज जगभर ही 'बेकडेल कसोटी' म्हणून शिकवली जाते. पण ही कल्पना मुळात तिची नव्हती, मैत्रिणीची होती, लिझ वॉलेसची. आणि बेकडेलने ते लपवलं नाही. त्याच चित्रकथेत, चित्रातल्या थिएटरच्या पाटीवर तिने मैत्रिणीचं नाव लिहून आभार मानले. जगाने तरी नाव बेकडेलचंच ठेवलं, तो भाग वेगळा. आम्ही ही रीत उचलली. किस्सा जिचा, तिची खूण चौकटीत कुठेतरी असते. कपावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, रिक्षाच्या मागे.

आता आमच्या तीन अवघड प्रसंगांकडे येते.

पहिला भाषेचा. मालिका सर्वांसाठी खुली करायच्या आधी पाचदहाने एक प्रश्न काढला. ती मराठवाड्याची. "काय करायलीस?" "कामून?" असं बोलते. ती म्हणाली, फुग्यात तुम्हा तिघींचं बोलणं पुस्तकातल्यासारखं आणि माझं तेवढं बोलीत लिहिलंस, तर लोक माझ्या उशिरावर हसणार नाहीत, भाषेवर हसतील. मग माझंही प्रमाण भाषेत लिहायचं का? तर तेही तिला नको होतं. "मग ती मी कामून?" दोन बैठका यावर झाल्या. शेवटी ठरलं की सगळ्यांचंच बोलणं जसं ऐकू येतं तसं लिहायचं. थैली नागपूरकडची, "काय करून राहिलीस?" म्हणते. एकमिनिट मुंबईची, तिच्या वाक्यात चार शब्द हिंदीचे. आणि मी पुण्याची. तेव्हा पहिल्यांदा मी माझं बोलणं कान देऊन ऐकलं. मी दर वाक्याच्या शेवटी 'ना' लावते, आणि 'अगदीच' हा शब्द उगाचच्या उगाच वापरते. ते फुग्यात लिहिल्यावर प्रमाण भाषा वगैरे काही उरलं नाही. आम्ही चौघी चार गावच्या. सिनेमात आणि मालिकांत मोलकरीण तेवढी बोलीत बोलते आणि हशा तिथे ठेवलेला असतो, हे आपण नेहमी म्हणतो. कागदावर ते कसं टाळायचं, हे पाचदहाच्या एका प्रश्नामुळे कळलं.

दुसरा प्रसंग थैलीचा. तिच्या परवानगीने सांगते. तिची कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली केस सुरू झाली. तिच्या वकीलबाईंनी पहिल्याच भेटीत विचारलं, इंटरनेटवर तुमचं काय काय आहे? आपल्याकडे येणाऱ्या बायकांना आपणही आता हे विचारायला हवं. फोनवरचा मजकूर, फोटो, चित्र, सगळं पुरावा म्हणून न्यायालयासमोर आणता येतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमात त्यासाठी कलम ६३ आहे, प्रमाणपत्र जोडून ते दाखल करतात. उद्या समोरचा वकील म्हणेल, बघा, या बाई मैत्रिणींबरोबर खिदळताहेत, यांना कसला मानसिक छळ? जणू छळ सोसणाऱ्या बाईने संध्याकाळी चहा पिताना हसायचंच नाही! तेव्हा थैलीने सांगितलं, मला मालिकेतून काढ. मी काढलं. पण तिची खुर्ची ठेवली, आणि खुर्चीवर तिची पिशवी. दोन वर्षं ती पिशवी एक अक्षर न बोलता बैठकीला हजर राहिली. वाचणाऱ्या बायका विचारायच्या, थैली कुठे गेली? आम्ही उत्तर दिलं नाही. एका चित्रकथेत सगळ्यांना घराची किल्ली सापडत नाही, आणि शेवटच्या चौकटीत ती रिकाम्या खुर्चीवरच्या पिशवीतून बाहेर डोकावते आहे. तेवढंच. ती पाहून थैली रडली, असं तिनेच फोन करून सांगितलं. केस संपली तेव्हा ती परत आली, आणि तिचं पहिलं वाक्य तिने स्वतः लिहून पाठवलं : "माझा लाडू कोणी खाल्ला?"

तिसरा प्रसंग एकमिनिटचा, आणि तो अजून संपलेला नाही. एकमिनिट हे नाव तिनेच घेतलं. बोलता बोलता तिचा फोन वाजतो, ती बोट वर करते, "एक मिनिट हं," म्हणते आणि गॅलरीत जाते. नवऱ्याचा फोन. कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, आवाज कसला येतोय. ती परत येते आणि हसून म्हणते, "आमचं गस्तीपथक." विनोद तिचाच, 'गस्तीपथक' हा शब्दही तिचाच. मालिकेत शेवटच्या चौकटीत फोन वाजणं ही ठरलेली गंमत झाली, वाचणारे तिची वाट बघायचे.

आता चित्र काढणं हे हाताचं काम आहे. बोलताना फोन वाजला की तो विसरला जातो. चित्रात तो दर वेळी पुन्हा काढावा लागतो. कडेला 'ट्रिंग' लिहावं लागतं, तिचं वर केलेलं बोट काढावं लागतं, रिकामी झालेली तिची जागा काढावी लागते. एका सुट्टीत आम्ही चौघींनी पुस्तिका छापायची म्हणून सगळे कागद जमिनीवर ओळीने मांडले होते. एकमिनिट गुडघ्यांवर बसून बघत होती. बघता बघता ती मोजायला लागली. चव्वेचाळीस चित्रकथांपैकी एकतीसमध्ये ती शेवटच्या चौकटीत नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "शेवटचं वाक्य मला कधीच मिळत नाही गं."

बाईवरच्या पाळतीबद्दल, नियंत्रणाबद्दल ती स्वतः प्रशिक्षणं घेते. फळ्यावर वर्तुळ काढून समजावते. पण स्वतःच्या आयुष्याची अशी चव्वेचाळीस चित्रं ओळीने कोणी तिच्यासमोर ठेवली नव्हती. त्या दिवशी तिने ठरवलं ते असं : फोन राहू दे, तो खोटा नाही. पण मला गॅलरीत पाठवू नकोस. तेव्हापासून मालिकेत फोन वाजतो आणि ती बसून राहते. चहा उतू जातो, आम्ही तिघी फोनकडे बघतो, ती लाडू खाते.

तुम्ही विचाराल, आणि खऱ्या आयुष्यात? खऱ्या आयुष्यात ती अजून फोन घेते. गेल्या महिन्यात भेटलो तेव्हाही घेतला. ती त्याच घरात आहे, निर्णय तिचा आहे, आणि तो तिच्या गतीने होईल किंवा होणार नाही. फेलिक्स बीस्टेक यांनी १९५७ मध्ये व्यक्तिसहाय्य कार्याची सात तत्त्वं मांडली, ती तुमच्यापैकी ज्या समाजकार्य शिकल्या त्यांना पाठ असतील. त्यात एक स्वयंनिर्णयाचं. केंद्रावर येणाऱ्या बाईच्या बाबतीत आपण ते पाळतो. मैत्रिणीच्या बाबतीत पाळणं जास्त जड जातं. मला अनेकदा वाटलं की चित्रातल्या एकमिनिटला बॅग भरायला लावावी, घराबाहेर काढावी. वाचणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या. पण ते मैत्रिणीला चार चौकटींत दिलेला सल्ला झाला असता, तोही चारचौघांत. ती म्हणेल तेव्हा काढीन. चित्रातली बाई खऱ्या बाईच्या फार पुढे पळाली तर खरीला आपण मागे पडलो असं वाटतं, आणि ते ओझं तिला कशाला?

बीस्टेकच्याच यादीत गोपनीयता आहे. त्याबद्दल आमच्यात चर्चा झाली नाही, होण्यासारखं काही नव्हतंच. केंद्रावर आलेली बाई चित्रात येणार नाही. नाव बदलूनही नाही, दोन जणींची मिळून एक करूनही नाही. तालुक्याच्या गावात साडीच्या रंगावरूनही बाई ओळखतात. ती आपल्याकडे मदतीला आलेली असते, विनोदाला नाही. मैत्रीण मला उलट बोलू शकते, माझं नाक काढू शकते, माझ्यावर रुसू शकते. ती बाई हे काही करू शकत नाही. चित्र काढायचं की नाही, हे मी या एका कसोटीवर ठरवते.

कायद्याचं थोडं. मानहानीचं जुनं कलम ४९९ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते ३५६ झालं आहे. चित्रानेही मानहानी होते. आणि 'हे खरं आहे' एवढं म्हणून सुटका होत नाही, ते सांगणं लोकहिताचं होतं हेही दाखवावं लागतं. तेव्हा मैत्रिणीच्या नवऱ्याचं, साहेबाचं ओळखू येईल असं चित्र काढताना मैत्रिणीवर काय येईल याचा आधी विचार करा. आमच्या मालिकेत गस्तीपथकाला चेहरा नाही, नुसता वाजणारा फोन आहे. आणि २०१२ सालचं पालघर आपण विसरलो नाही. बंदबद्दल दोन ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्याला पसंती देणारी दुसरी, दोघींना अटक झाली होती. त्या वेळी वापरलेलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं. कलम गेलं, पण भीती लगेच जात नाही. म्हणून काय छापायचं हे एकटीने ठरवू नका.

परवानगीबद्दल मला नेहमी विचारतात. एकदा घेतली की झालं, असं नसतं. आज हसू आलेली गोष्ट मैत्रिणीला पुढच्या वर्षी टोचू शकते. लग्न ठरतं, नोकरी बदलते, मुलगी वाचायला लागते. आमच्यात प्रत्येकीला केव्हाही, कारण न सांगता, आपली चित्रकथा मागे घ्यायचा हक्क आहे. आजवर सात मागे घेतल्या गेल्या. त्यांतली एक माझी सर्वांत चांगली होती, असं मला वाटतं. इंटरनेटवरून काढली तरी कोणाच्या तरी फोनमध्ये ती उरतेच, हेही मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा. कागदावरची भिंत-पत्रिका फाडता येते, हे काही तसं नाही.

आता प्रत्यक्ष कामाकडे. चांगला फोन नाही, संगणक नाही, म्हणून अडायचं कारण नाही. कागद, काळं पेन आणि झेरॉक्स एवढ्यावर भागतं. कागदाच्या चार चौकटी करा. पहिलीत कोण आणि कुठे, दुसरीत काय झालं, तिसरीत ते आणखी वाढलं, चौथीत फजिती. फुग्यातला मजकूर आधी लिहा आणि मग उरलेल्या जागेत माणसं काढा. उलटं केलंत तर शेवटचे दोन शब्द बाईच्या डोक्यावर येतात. आपल्या लिपीला वर वेलांटी, मात्रा आणि खाली उकार असतात, तेव्हा दोन ओळींत जागा जास्त सोडा. एका फुग्यात दहा-बारा शब्दांवर जाऊ नका. मैत्रीण ओळखू यायला चेहरा हुबेहूब यावा लागत नाही. तिची एकच वस्तू पकडा. अंबाडा, हेल्मेट, पाण्याची बाटली, पदर खोचायची पद्धत. शरीराचं व्यंग, रंग, जाडी यांवरून ओळख द्यायची नाही. त्याने विनोद सोपा होतो, पण तो आपल्यावर शाळेपासून झालेलाच आहे.

बाजूच्या खोलीत कागद कापून ठेवले आहेत. दोघीदोघींच्या जोड्या करा, शक्यतो एकाच संघटनेतल्या नकोत. आधी अर्धा तास नुसतं एकमेकींशी बोला, मग एकमेकींना काढा. चित्र झालं की भिंतीवर लावायच्या आधी जिचं आहे तिला दाखवा. ती नको म्हणाली तर घडी घालून तिच्याच हातात द्या. आणि मला कोणी काढणार असाल तर चष्मा विसरू नका. पुण्याच्या 'ना'ची आठवण करून द्यायची गरज नाही, एव्हाना तुम्ही मोजले असतीलच.